जिथं भाजी उगवत नाही, तिथलं ताट

"आज भाजी कुठली करू?" हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला चुकलाय? मेथी नको, गवार नको, भोपळा तर परवाच झाला. पण मैत्रिणींनो, पृथ्वीच्या पाठीवर असाही एक मुलूख आहे, की जिथल्या बाईला हा प्रश्न हजारो वर्षं कधी पडलाच नाही. कारण तिथं भाजी पिकतच नाही. झाड नाही, शेत नाही, परसात अळू नाही की कुंपणाला शेवगा नाही. वर्षातले आठ-नऊ महिने नुसता बर्फ. धान्य नाही म्हणून भाकरी नाही, गाय नाही म्हणून दूध नाही. आणि तरीही तिथं माणसं राहिली, बाळंतपणं झाली, मुलं वाढली, आज्या नातवंडांना गोष्टी सांगत बसल्या. हे सगळं काय खाऊन? तर जमिनीवरची आणि समुद्रातली शिकार खाऊन!

हा मुलूख म्हणजे कॅनडाच्या अगदी उत्तरेचा नुनावुत प्रदेश. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही सध्या ओटावात असतो. घर सांभाळून मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. गेल्या ऑगस्टमध्ये ह्यांना कामासाठी नुनावुतच्या राजधानीला, इकालुइटला, आठवडाभर जायचं होतं. शाळेला सुट्टी होतीच, तेव्हा मीही बरोबर निघाले. ओळखीपाळखीच्या बायकांनी विचारलं, "तिथं बघण्यासारखं काय आहे गं?" खरं सांगायचं तर बघण्यासारखं पुष्कळ आहे. पण माझं लक्ष आपलं सवयीप्रमाणे स्वयंपाकघराकडे. तेव्हा तिथल्या ताटाविषयीच आज तुम्हाला सांगणार आहे.

रस्ता नसलेला प्रदेश

ओटावाहून विमानानं तीन तास. मोटारीनं जायचं म्हटलं तर जाताच येत नाही, कारण रस्ताच नाही. रेल्वे तर नाहीच नाही. नुनावुत भारताच्या निम्म्याहून मोठा आहे, पण २०२१ च्या शिरगणतीत तिथली वस्ती सदतीस हजारांच्याही आत भरली. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी! एकंदर पंचवीस गावं आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा एकही रस्ता नाही. उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की मालाची जहाजं येतात. एरवी सगळी भिस्त विमानावर.

इकालुइट हे बॅफिन बेटावरचं साडेसात हजार वस्तीचं गाव. 'पुष्कळ मासे असलेली जागा' असा त्या नावाचा अर्थ. गोऱ्यांनी त्याला फ्रोबिशर बे नाव दिलं होतं, ते १९८७ साली बदललं. रंगीबेरंगी लाकडी घरं, तीही खांबांवर उभी. खालची जमीन बारा महिने गोठलेली असते आणि घराची ऊब लागून ती वितळली तर घरच कलायचं! बऱ्याच घरांना नळ जमिनीखालून आणता येत नाहीत, म्हणून टँकरनं पाणी येतं. हे बघून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ज्यांना 'एस्किमो' म्हणून शिकलो, ते हे लोक. पण त्यांना हे नाव आवडत नाही बरं का. ते स्वतःला 'इन्युइट' म्हणवतात, म्हणजे नुसतं 'माणसं'. आता ते इग्लूत राहत नाहीत. हीटरच्या घरात राहतात, कचेरीत जातात, मुलांचे हट्ट पुरवतात. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला. तिथल्या दर शंभर माणसांत पंच्याऐंशीच्या आसपास इन्युइट आहेत.

भाजीशिवाय जगायचं कसं?

तुम्ही म्हणाल, नुसत्या मांसावर माणूस जगेल कसा? हिरडी सुजायची, दात पडायचे. 'क' जीवनसत्त्व कुठून मिळणार? हीच शंका मलाही होती. आपण तर लिंबू, आवळा, कोथिंबीर यांच्यापलीकडे विचारच करत नाही.

उत्तर ऐकून मी थक्क झाले. नारव्हाल आणि बेलुगा या देवमाशांची चरबीसकट कातडी तिथं मोठ्या आवडीनं खातात. तिला 'मक्ताक' म्हणतात. कच्च्या मक्ताकच्या शंभर ग्रॅममध्ये तीस मिलिग्रॅमहून जास्त 'क' जीवनसत्त्व असतं. कॅरिबू म्हणजे तिथला रानटी रेनडिअर. त्याच्या काळजातही ते बऱ्यापैकी असतं. पण शिजवलं की 'क' जीवनसत्त्व कमी होतं, हे आपण पालेभाजीच्या बाबतीत नेहमी वाचतोच. म्हणजे इन्युइट जे कच्चं किंवा गोठलेलं खातात, ते अडाणीपणानं खातात असं नाही. शिवाय झाडंच नाहीत, तर रोज चूल पेटवायला सरपण आणणार कुठून?

'ड' जीवनसत्त्व आपल्याला उन्हातून मिळतं. तिथं हिवाळ्यात ऊन जेमतेम चार-पाच तास, तेही तिरपं. पण सीलच्या चरबीतून आणि माशांतून ते भरपूर मिळतं. सीलच्या मांसात लोहसुद्धा मटणाच्या कितीतरी पट असतं, म्हणून ते रंगानं जवळजवळ काळं दिसतं. माझ्या यजमानीणबाई म्हणाल्या, "बाळंतिणीला आम्ही सीलचं सूप देतो." मी त्यांना आपल्या अळिवाच्या लाडवांची हकीकत सांगितली. दोघींचा हेतू एकच!

आणि भाजी अगदीच नाही असंही नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात जमिनीलगतच्या झुडपांना बारीक बोरं लागतात. काळी, निळी, नारिंगी. ती वेचायला बायका-मुलं डबे घेऊन निघतात. समुद्रातलं शेवाळ असतं. आणखी गंमत सांगू? कॅरिबू खडकांवरचं दगडफुलाच्या जातीचं शेवाळ खातो. त्याच्या पोटातलं ते अर्धवट पचलेलं शेवाळ जुनी माणसं कोशिंबिरीसारखी खात. आपण गोड्या मसाल्यात दगडफूल घालतो, ते याचंच लांबचं भावंडं. ऐकून नाक मुरडू नका. माणसाला थेट पचत नाही ते आधी जनावराच्या पोटात पचवून घ्यायचं, ही युक्ती काही लहान नाही.

चरबीचंही असंच. विल्यालमुर स्टेफान्सन नावाचा प्रवासी या लोकांत बरीच वर्षं राहिला होता. मांसावर माणूस जगतो हे डॉक्टरांना पटेना, म्हणून १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं प्रयोग सुरू केला. दोघांनी वर्षभर निव्वळ मांसाहार केला आणि दोघंही धडधाकट राहिले. पण सुरुवातीला त्याला मुद्दाम चरबी काढलेलं मांस दिलं, तेव्हा दोन-तीन दिवसांतच तो आजारी पडला. चरबी दिल्यावर बरा झाला. आपल्या वरणभातावर तूप असतं, तसं त्यांच्या मांसाबरोबर चरबी असायलाच लागते. काय खायचं नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पांढऱ्या अस्वलाचं काळीज ते खात नाहीत. त्यात 'अ' जीवनसत्त्व इतकं असतं की ते विषासारखं बाधतं. १५९७ साली डच खलाशांनी ते खाल्लं आणि त्यांच्या अंगाची सालं निघाली. शास्त्रज्ञांना त्याचं कारण कळायला १९४३ साल उजाडलं.

याच उत्तरेत १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन दोन जहाजं आणि डबाबंद अन्नाचे ढीग घेऊन आला होता. १२९ माणसं होती. उपासमार, थंडी आणि आजार यांनी सगळी मेली, एकही परतला नाही. त्याच बर्फावर इन्युइट बायका आपली पोरं वाढवत होत्या.

उलू आणि विळी

ह्यांच्या कामातल्या एका इन्युइट बाईंनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. चाळिशीच्या असतील. घरी त्यांची म्हातारी आई, नवरा, विशीतली गरोदर मुलगी आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा. दारात चपला-बूट काढून आत जायचं, अगदी आपल्यासारखं. नवऱ्यानं आदल्या दिवशी होडीतून जाऊन सील आणला होता. जमिनीवर पुठ्ठे पसरले, त्यावर सील मांडला आणि सगळे भोवती बसले. आपली पंगतच जणू! मग बाईंनी कपाटातून एक हत्यार काढलं आणि मी उडालेच. अर्धचंद्राकृती पातं, वर मधोमध मूठ. आपल्या विळीचं पातं काढून त्याला मूठ लावली तर दिसेल तसं.

त्याला 'उलू' म्हणतात. हे फक्त बायकांचं हत्यार. कातडं सोलायचं, चरबी खरवडायची, मांस कापायचं, चामडं बेतायचं, मुलांचे केससुद्धा कापायचे, सगळं त्या उलूनंच. आईकडून लेकीकडे येतं. बाईंचं उलू त्यांच्या आजीचं होतं. माझ्या आईकडेही तिच्या सासूची विळी आहे, असं मी सांगितलं तेव्हा म्हातारीनं ते भाषांतर करून घेतलं आणि माझा हात हातात घेऊन हसली.

खायची पद्धत अशी, की तुकडा दातात धरायचा आणि ओठांपाशी सुरीनं खटकन कापायचा. पाच-सहा वर्षांपासून मुलं शिकतात म्हणे. माझ्या तर अंगावर काटा आला. माझ्यासाठी त्यांनी बशी आणली. माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे मासळीचं मला वावडं नाही. गोठलेल्या 'चार' माशाच्या पातळ चकत्या मी आवडीनं खाल्ल्या. थोडा रावसासारखा लागतो. मक्ताकचा तुकडा सोया सॉसमध्ये बुडवून खातात, तोही चाखला. शहाळ्यातली मलई जून झाली की कशी लागते, तसा थोडा, पण चिवट. सीलचा एक लहान तुकडा तोंडात टाकला. चव उग्र, रक्ताची आणि माशाची एकदम. दुसरा मागितला नाही, पण कुणी आग्रहही केला नाही. ज्यांना असलं काही नकोच असेल त्यांच्यासाठी बॅनॉक असतोच. कणकेसारखी पिठाची जाड तळलेली भाकर. ती शे-दीडशे वर्षांपूर्वी देवमाशांच्या शिकारीला आलेल्या स्कॉटिश खलाशांकडून यांच्यात आली आणि घरचीच झाली. सोबत साखर घातलेला चहा. चहाच्या बाबतीत हे लोक आपल्याला हार जाणार नाहीत.

म्हातारीनं विचारलं, "तुम्ही घरी काय खाता?" मी वरणभात, पोळी, भाजी, फोडणी असं सगळं वर्णन केलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "पण त्यानं थंडीत अंगात ऊब येते का?" मी म्हटलं, "आजी, आमच्याकडे ऊब नको असते, गारवा हवा असतो." सगळे हसले. पण विचार करू लागले तेव्हा वाटलं, ताटातल्या पदार्थांना नावं ठेवण्याआधी बाहेर हवा कशी आहे, हे विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला पडली. काळीज म्हणजे मानाचा तुकडा. म्हातारीनं ते नातवाला दिलं. गरोदर मुलीनं मात्र नुसतं मांस घेतलं, काळजाला हात लावला नाही. त्याचं कारण पुढे सांगते.

वाटा आणि सोवळं

एक सील पन्नास-साठ किलोचा असतो. तो एकट्या घरासाठी नसतोच. जेवणं झाली तसा मुलगा पिशव्या घेऊन निघाला. एक काकांकडे, एक शेजारच्या विधवा बाईंकडे, एक आजीच्या मैत्रिणीकडे. आपल्याकडे पहिल्या आंब्यांचा वानवळा जातो ना, तसा. शिकार विकायची नाही, वाटायची, हा त्यांचा जुना धर्म. आता थोडी विक्रीही होते, पण वाटण्याचा मान अजून मोठा आहे. मुलानं पहिला सील मारला की तो सगळ्या गावात वाटतात. आणि कित्येक ठिकाणी त्या पहिल्या शिकारीवर हक्क असतो तो त्या मुलाच्या जन्माच्या वेळी नाळ कापणाऱ्या सुइणीचा! मला ही रीत फार आवडली.

जुन्या काळी शिकारीभोवती कडक सोवळं-ओवळंही होतं. समुद्रातलं आणि जमिनीवरचं यांची सरमिसळ करायची नाही. वॉलरसचं आणि कॅरिबूचं मांस एका दिवशी खायचं नाही. मारलेल्या सीलच्या तोंडात गोड्या पाण्याचे थेंब घालायचे. खाऱ्या पाण्यातला जीव, तहानलेला असणार म्हणून. समुद्राच्या तळाशी सेदना नावाची देवी राहते, तिच्या बापानं तिची बोटं तोडली आणि त्या बोटांचे सील आणि देवमासे झाले, अशी कथा आहे. माणसांनी नियम मोडले की तिच्या केसांत गुंता होतो आणि ती प्राण्यांना कोंडून ठेवते. बोटं नाहीत, तर बिचारी स्वतःचे केस विंचरणार कशी? मग गावातला मांत्रिक खाली जाऊन तिचे केस विंचरून वेणी घालतो, तेव्हा कुठे शिकार मिळते. आता बहुतेक इन्युइट ख्रिस्ती आहेत, पण ही गोष्ट अजून सांगतात. जेवढं लागेल तेवढंच घ्यावं आणि घेताना मान राखावा, एवढंच ती सांगते.

दुकानातलं ताट

मग आता सगळे शिकारच खातात का? नाही. १९५०-६० नंतर सरकारनं या लोकांना गावांत वसवलं. शाळा आल्या, दुकानं आली. पुढे तयार खाणी, बाटलीतली गोड पेयं आली. दुकानात सगळं मिळतं, पण किंमत बघून डोळे पांढरे होतात. प्रत्येक कांदा-बटाटा जहाजानं नाही तर विमानानं येणार! सरकार २०११ पासून 'न्यूट्रिशन नॉर्थ' नावाच्या योजनेत सवलत देतं, तरी महागाई आहेच. २०१२ साली इकालुइटच्या लीसी पापात्सी या बाईंनी 'फीडिंग माय फॅमिली' नावाची चळवळ सुरू केली. बायकांनी दुकानांतल्या किमतींचे फोटो काढून जगाला दाखवले. कोबीचा एक गड्डा वीस डॉलरच्या पुढे! जूनमध्ये गावोगावी दुकानांसमोर निदर्शनं झाली. आपल्याकडे महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, त्याची मला आठवण झाली.

त्याआधी २००७-०८ च्या एका आरोग्य पाहणीत दिसलं होतं, की नुनावुतमधल्या तीन ते पाच वर्षांच्या दर दहा इन्युइट मुलांपैकी सात मुलांच्या घरात पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. कॅनडासारख्या श्रीमंत देशात!

तुम्ही म्हणाल, मग शिकार करावी. पण शिकारीलाही आता पैसा लागतो. बर्फावरची मोटार, पेट्रोल, होडी, बंदूक, काडतुसं. नोकरी आहे त्याला वेळ नाही आणि वेळ आहे त्याच्याकडे पेट्रोलला पैसे नाहीत. पूर्वी सीलची कातडी विकून हा खर्च निघे. पण आटलांटिक किनाऱ्यावर सीलची पांढरी पिल्लं मारत, त्याविरुद्ध युरोपात मोठा गहजब झाला. १९७७ साली ब्रिजित बार्दो ही फ्रेंच नटी त्यासाठी बर्फावर जाऊन आली. १९८३ साली युरोपानं पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. इन्युइट पिल्लांच्या त्या व्यापारात नव्हतेच, कायद्यातही त्यांना सूट होती. पण गिऱ्हाइकानं सगळ्याच सीलकडे पाठ फिरवली आणि यांच्या कातड्यांचा भाव कोसळला. २००९ साली युरोपानं सीलच्या सर्वच वस्तूंच्या व्यापारावर बंदी आणली, त्यातही इन्युइटांना सूट ठेवली, पण पुन्हा तेच झालं. त्याच वर्षी कॅनडाच्या तेव्हाच्या गव्हर्नर जनरल मिशेल जाँ यांनी रँकिन इनलेट गावी उलूनं सील कापून त्याच्या कच्च्या काळजाचा, म्हणजे हृदयाचा, तुकडा सर्वांसमोर खाल्ला. जगभर ओरड झाली. इन्युइट बायकांना मात्र वाटलं, आपल्या पानाला कुणी तरी हात लावला. इकालुइटच्याच अलेथिया आर्नाकुक-बारिल यांनी या सगळ्यावर २०१६ साली 'अँग्री इनुक' हा माहितीपट काढला. मिळाला तर जरूर पाहा.

एक गोष्ट सांगायलाच हवी. शिकार अमर्याद नाही. बॅफिन बेटावर कॅरिबूंची संख्या एकेकाळी लाखाच्या घरात होती, ती २०१४ च्या मोजणीत पाच हजारांच्या आसपास आली. २०१५ च्या जानेवारीपासून तिथं कॅरिबूच्या शिकारीवर बंदी आली. पुढे वर्षाला अडीचशे नरांची मुभा दिली. यजमानीणबाई म्हणाल्या, "मुलाला कॅरिबूची चव क्वचितच मिळते. पण थांबायला हवं होतं."

आईच्या दुधाचा प्रश्न

आता त्या गरोदर मुलीची गोष्ट. १९८५ नंतरच्या काळात क्वेबेकच्या संशोधकांना आईच्या दुधातल्या घातक रसायनांचा अभ्यास करायचा होता. तुलनेसाठी शुद्ध दूध हवं, म्हणून त्यांनी नुनावुतच्या शेजारच्या नुनाविक भागातल्या इन्युइट आयांच्या दुधाचे नमुने घेतले. तिथं ना कारखाना, ना शेत, ना फवारणी. निष्कर्ष उलटाच निघाला! विजेच्या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या पीसीबी नावाच्या रसायनाचं प्रमाण दक्षिणेकडच्या आयांपेक्षा सुमारे पाच पट होतं.

हे कसं झालं? पीसीबी, डीडीटी यांसारखी रसायनं उबदार देशांत वापरली की हवेत उडतात, वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकतात आणि थंडीत खाली बसतात. तिथून ती समुद्रातल्या बारीक जीवांत, त्यांच्याकडून माशांत, माशांतून सीलच्या आणि देवमाशांच्या चरबीत साठत जातात. आणि शेवटी आईच्या दुधात. आपल्या लहानपणी हिवतापाच्या खात्याची माणसं घरोघर भिंतींवर डीडीटी मारून जायची, आठवतं? तसल्या फवाऱ्यांचा अंश कुठवर जातो, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

विचार करा, त्या आईनं काय करावं? बाळाला पाजायचं की नाही? सील सोडून दुकानातलं डबाबंद खायचं, तर लोह गेलं, जीवनसत्त्वं गेली, पैसाही गेला. शीला वॉट-क्लूटिए या इन्युइट बाईंनी हा प्रश्न जगापुढे मांडला. अशा रसायनांवरच्या कराराची बोलणी चालू असताना १९९९ साली नैरोबीच्या बैठकीत त्यांनी आई आणि बाळाचं एक कोरीव शिल्प भेट दिलं. पुढच्या बैठकांत ते अध्यक्षांच्या टेबलावर असे. आणि मला सर्वांत मोठी वाटली ती त्यांची भूमिका. हिवतापाशी झगडणाऱ्या देशांतल्या आयांना डीडीटी लागते, त्यांच्या बाळांचाही विचार त्यांनी सोडला नाही. २००१ साली स्टॉकहोम करार झाला, हिवतापापुरती डीडीटीला सवलत ठेवून. २००४ पासून तो अमलात आला आणि २००६ साली भारतानंही त्याला मान्यता दिली. तेव्हापासून नुनाविकच्या आयांच्या रक्तातलं या जुन्या रसायनांचं प्रमाण बरंच उतरलं आहे.

पारा मात्र अजून आहे. म्हणून २०१२ साली नुनावुतच्या आरोग्यखात्यानं सल्ला दिला, की मूल होण्याच्या वयाच्या बायकांनी सीलचं काळीज म्हणजे यकृत टाळावं आणि त्याऐवजी मांस खावं. बाकी शिकारीचं अन्न सोडू नये आणि बाळाला अंगावर जरूर पाजावं. फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे. त्या रात्री मुलीनं काळजाला हात का लावला नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. ज्या रसायनांशी तिचा काडीचा संबंध नाही, त्यांच्यासाठी तिनं आपल्या ताटातला मानाचा तुकडा सोडला होता.

जाणार असाल तर

ऑगस्ट महिना चांगला. बोरं पिकतात, थंडी सोसते. तरी लोकरीचं सगळं न्या. डास चावतात, मलम न्या. विमानाचं भाडं जबर आहे, तेव्हा बरोबर तांदूळ, डाळ, मसाला असू द्या. हॉटेलात महाग पडतं. आणि यजमानीणबाईंना संत्री न्या! मी डझनभर नेली होती, तर सोनं दिल्यासारखा आनंद झाला. कुणी जेवायला बोलावलं तर जे चालत नाही ते सरळ सांगा, नाक मात्र मुरडू नका. सीलच्या कातड्याचे हातमोजे फार सुरेख मिळतात, पण पुढे अमेरिकेत लेकीकडे जायचं असेल तर घेऊ नका. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तिथं ते नेता येत नाहीत.

शेवटी एक सांगते. हे वाचून कुणी आपल्याकडे शिकारीचा विचार मनात आणू नये. आपल्या देशातही १९७२ पासून वन्यप्राणी संरक्षणाचा कायदा आहे आणि आपल्या बाजारात बारा महिने भाजी आहे. त्यांची गरज आपली नाही. पण उद्या मुलांनी टीव्हीवर बर्फावरची शिकार पाहून "शी! किती क्रूर माणसं!" म्हटलं, तर त्यांना जवळ घेऊन हे सगळं सांगा. तिथं भाजी का उगवत नाही ते सांगा, सुइणीचा वाटा सांगा. आणि आपण भिंतीवर, शेतावर जे फवारतो ते कुणाच्या दुधात जातं, हेही सांगायला विसरू नका.